दोन पिवळे, दोनशे चाळीस सेकंद

दिवा लावण्याआधी काका क्षणभर डोळे मिटत. न्हाणीघराच्या दारावर, मग ते परक्याचं असलं तरी, तीनदा टकटक करत आणि आतून कुणी ओ दिल्याशिवाय कडीला हात लावत नसत. पत्र आलं की ते आधी खिडकीच्या उजेडाला धरून पाहत, वाचत नंतर. चपलांच्या आत त्यांनी पांढऱ्या रंगाने 'डा' आणि 'उ' लिहून ठेवलं होतं. कुणी फोटो काढायला मोबाइल हातात दिला की समोरच्याला सांगत, "गळ्यातलं काढा." चहा संपला की कप वाकडा करून तळाशी राहिलेल्या चहाचा रंग बघत. बघून काय मिळतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, कडेला किती फिकट आणि मध्ये किती गडद ते कळतं. त्याचा उपयोग काय, हे मी विचारलं नाही.

अडतीस वर्षं ते एका मोठ्या रुग्णालयात एक्स-रे काढत होते. जिन्याखालची खोली, शेजारी फिल्म धुण्याची अंधारखोली. इमारतीत त्यांना सगळे एक्सरेकाका म्हणत. मी वरच्या मजल्यावर राहते. मला ते 'पदवीधर' म्हणत. आमची ओळख झाली तेव्हा साहित्याची पदवी घेऊन मी घरी बसले होते आणि त्यांना याची फार गंमत वाटे.

त्यांच्याबरोबर त्यांची मोठी बहीण राहत असे. मी तिला आत्या म्हणते. आत्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. कानाला यंत्र लावून त्यांनी तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली. त्यांची मान हलते. आजार म्हणावा असं काही नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, वय आहे. हलते ती डावीकडून उजवीकडे. "माझी मान सतत 'नाही' म्हणते," असं त्या सांगत, "आणि मी जन्मभर सगळ्यांना 'हो' म्हणत आले." अडुसष्ट वर्षांच्या भावाला त्या 'छोट्या' म्हणत.

रुग्णालयात संगणक आले, अंधारखोलीची अडगळीची खोली झाली, आणि त्याच वर्षी काका निवृत्त झाले. निघताना त्यांनी तिथला लाल दिवा आणि तीन ट्रे मागून घेतले. दोन वर्षं ते माळ्यावर पडून होते. मग बाजारातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला. मालक सामान काढत होता. काकांनी त्याच्याकडून फोटो छापायच्या कागदाची दोन खोकी आणली. कॅमेरा आणला नाही. बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला, आतून काळा रंगवला, समोर एक खिडकी कापली. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा घासून पातळ केला, त्याला सुईच्या टोकाने भोक पाडलं आणि तो तुकडा त्या खिडकीवर चिकटवला. भोकावर काळी चिकटपट्टी. ती उचलली की उजेड आत, लावली की बंद. आत, भोकासमोरच्या बाजूला, फोटोचा कागद.

भिंगाशिवाय फोटो कसा येईल, असं मी विचारलं.

"एक्स-रेला कुठे भिंग असतं?" काका म्हणाले.

फोटो आला. समोरची इमारत, तिचे पाइप, वाळत घातलेल्या चादरी. सगळं उलटं, म्हणजे आभाळ काळं आणि खिडक्यांच्या आतला अंधार पांढरा. कडा वस्तऱ्यासारख्या. काका खूश झाले. दीड वर्ष ते असेच फोटो काढत राहिले. पाण्याची टाकी, गल्लीतली सायकल, जिन्याचा कठडा. न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कागद लावून ते भर दुपारी तिथे अंधार करत. कुणाला आंघोळीला जायचं असेल तर आधी विचारावं लागे. फोटो वाळले की काका ते खिडकीच्या काचेला चिकटवत आणि मागे हात बांधून उभे राहत.

त्यांच्या लेखी फोटो इथे पुरा झालेला असे. हे मला फार उशिरा कळलं. जगात फोटोचं काम दोन टप्प्यांत होतं, आधी निगेटिव्ह, मग त्यावरून खरा फोटो. काकांच्या जगात दुसरा टप्पाच नव्हता. हाड पांढरं, हवा काळी. अडतीस वर्षं त्यांनी तसंच पाहिलं होतं, डॉक्टरांनी तसंच वाचलं होतं. कुणी त्यांना एक्स-रे सुलटा करून मागितला नव्हता.

मागितला तो आत्यांनी.

त्याचं असं झालं. भाच्याने, म्हणजे आत्यांच्या मुलाने, दुसऱ्या शहरात मोठं घर घेतलं आणि आईला कायमचं बोलावलं. महिनाअखेरीला जायचं ठरलं.  दुसऱ्या दिवशी काकांनी आत्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि डबा लावला. दुपारी फोटो त्यांच्या हातात दिला.

काळा चेहरा, पांढऱ्या बुबुळांचे डोळे, काळे केस. तेही हललेलं, कारण मान.

आत्यांनी तो हातभर लांब धरला. मग म्हणाल्या, "छोट्या, मी अजून मेले नाहीये."

काका गोंधळले. जबडा किती छान आलाय, कानाची पाळी बघ, असं काहीतरी सांगायला लागले. आत्यांनी ते थांबवलं. त्या म्हणाल्या की मोबाइलवर कुणी फोटो काढला की त्या मान थांबवायला श्वास कोंडतात आणि चोरी पकडल्यासारखा चेहरा होतो. घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. एक्सचेंजमध्ये हजारो लोक त्यांचा आवाज ओळखत, चेहरा कुणालाच ठाऊक नव्हता, आणि त्याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही. पण आता जायच्या आधी एक फोटो असावा असं त्यांना वाटत होतं.

"माझ्यासारखी दिसणारी मी," आत्या म्हणाल्या. "एवढंच कर."

काका म्हणाले, करतो. तेव्हा सव्वीस दिवस उरले होते.

सुलटं करणं सोपं निघालं. ओल्या निगेटिव्हखाली नवा कागद, वर काच, दोन सेकंद बल्ब. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. ट्रेमध्ये आत्यांचा चेहरा उगवताना मी लाल उजेडात शेजारी उभी होते. तो उगवला आणि काकांच्या तोंडून "अरेरे" निघालं.

उन्हातला गाल चुना फासल्यासारखा. सावलीतला गाल नाहीच, तिथे डांबर. सुरकुत्यांच्या भेगा झालेल्या. जे निगेटिव्हमध्ये काकांना धारदार, स्वच्छ वाटत होतं, ते माणसाच्या तोंडावर भयंकर दिसत होतं. मधला रंगच नव्हता. करडं कुठेच नव्हतं.

आत्यांना तो फोटो दाखवला नाही. काका दोन दिवस खोकी उलटीपालटी करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. कागदाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं त्यांनी भिंग घेऊन वाचली होती. त्यांचा चेहरा उजळला होता.

"पदवीधर, या कागदात दोन माणसं राहतात," ते म्हणाले. "एक निळ्या उजेडाने जागा होतो. तो तापट. त्याला काळं कळतं, पांढरं कळतं, अधलंमधलं काही नाही. दुसरा हिरव्या उजेडाने उठतो. तो समजूतदार. सगळे करडे रंग त्याच्याकडे. पण झोपाळू."

आभाळाच्या उजेडात निळा भरपूर असतो. म्हणून बाहेर डबा उघडला की आधी तापट माणूस उठतो आणि दुसऱ्याला उठायची संधीच देत नाही. त्याला दारात अडवायचं, तर भोकावर पिवळा रंग हवा. पिवळ्यातून निळा आत जात नाही, हिरवा जातो. काका म्हणाले की हे त्यांच्यासाठी नवं नाही. एक्स-रे यंत्राची ताकद कमी ठेवली की हाडं चुन्यासारखी येत, वाढवली की करडं वाढे, मांस दिसे, छाती दिसे. इथे खटका नाही, रंगीत कागद आहे, एवढाच फरक.

पण कुठला रंगीत कागद, हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

पुढचे दहा दिवस त्यांच्या गॅलरीत एक स्टूल उभं होतं. स्टुलावर पांढरी किटली आणि किटलीच्या डोक्यावर आत्यांची काळी लोकरी टोपी. चेहऱ्याच्या जागी पांढरं आणि काळं दोन्ही हवं, म्हणून. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी आत्यांना जिन्यात गाठून काळजीने विचारलं की भाऊ बरे आहेत ना. आत्यांनी सांगितलं, "त्याला नवी बहीण मिळालीय. माझ्यापेक्षा कमी बोलते."

पहिला कागद त्यांनी लाल लावला. जुने फोटोवाले ढग गडद करायला लाल लावायचे, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. दहा मिनिटं डबा उघडा ठेवला. कागद कोरा निघाला. काका कोऱ्या कागदाकडे बघत राहिले आणि मग एकदम हसायला लागले. लाल दिव्याखाली ते अडतीस वर्षं काम करत आले होते, ते याचसाठी की लाल उजेड अशा कागदाला दिसत नाही. तोच लाल त्यांनी भोकावर लावला होता. "आंधळ्याला चष्मा दिला," म्हणाले.

मग पिवळे. भेटवस्तूंवरचा चकचकीत कागद फार फिका होता. औषधाच्या बाटलीची काच तपकिरी. शेवटी स्टेशनरीच्या दुकानातून आणलेलं पिवळ्या पारदर्शक फाइलचं कव्हर चाललं. त्याचे रुपयाएवढे गोल कापले. एक गोल लावला तर किटलीचं नाक दिसायला लागलं. दोन लावले तर किटलीचं पोट गोल दिसलं, टोपीची वीण मोजता आली, मागच्या आभाळात करडा आला. तीन लावले तर सगळं चिखल.

काका प्रत्येक फोटोचा अहवाल वहीत लिहीत. भाषा रुग्णालयाची. 'एक पिवळा. आभाळ अस्पष्ट. किटली ठीक.' 'दोन पिवळे. आभाळ करडं. किटलीला कोणताही दोष दिसत नाही.' 'तीन पिवळे. रुग्ण ओळखू येत नाही.'

दोन पिवळे, हे ठरलं. आणि इथेच खरी अडचण सुरू झाली. तापट माणसाला बाहेर ठेवलं की सगळं काम झोपाळू माणसावर पडतं, आणि तो वेळ घेतो. बिनपिवळ्या भोकाला सकाळच्या उन्हात चाळीस सेकंद पुरत. दोन पिवळ्यांना दोनशे चाळीस. सहापट. चार मिनिटं.

किटली चार मिनिटं बसते. आत्यांची मान चार सेकंद थांबत नव्हती.

काकांनी भोक मोठं करून पाहिलं. वेळ निम्म्यावर आला, पण चेहरा पुसट झाला. आत्यांना मात्र तो आवडला. सुरकुत्या गेल्या होत्या. त्या म्हणाल्या की याच भोकाने काढ, मी वीस वर्षांनी लहान दिसते. काकांनी नाही म्हटलं. "तू म्हणालीस, तुझ्यासारखी," ते म्हणाले. 

मग मानेमागे गुंडाळलेला टॉवेल आला. मग खुर्चीच्या पाठीला बांधलेली फळी. त्याने मान कमी हलली, थांबली नाही. मग काकांनी जुनं शस्त्र काढलं. "श्वास घे. रोख." त्यांचा रुग्णालयातला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. जाड, कोरडा, कुणाचाही नसलेला. आत्यांनी श्वास रोखला. मान दुप्पट हलायला लागली.

"हलू नकोस."

"मी कुठे हलतेय, ती हलतेय."

नऊ दिवस उरले होते. आत्यांची एक बॅग भरून दारात उभी होती. काका तिला वळसा घालून जात.

उपाय सापडला तो गॅलरीतच. आत्या बसल्या होत्या, काका डब्याशी खटपट करत होते. कुठेतरी दोन घरं पलीकडे फोन वाजला. अगदी हळू. आणि आत्यांची मान थांबली. फोन कुणीतरी उचलला, मान पुन्हा सुरू झाली. मी हे पाहिलं नव्हतं. काकांनी पाहिलं.

त्यांनी आत्यांना काही सांगितलं नाही. डब्यामागे वाकून ते अगदी पुटपुटल्यासारखं सेकंद मोजायला लागले, शंभराच्या पुढून, म्हणजे एक आकडा म्हणायला एक सेकंद जातो. एकशे एक. एकशे दोन. इतक्या बारीक आवाजात की मला तीन फुटांवर ऐकू येत नव्हतं. आत्यांनी कान दिला. चेहरा सैल झाला, नजर कुठेतरी लांब गेली, आणि मान जागच्या जागी राहिली. एकशे वीसपर्यंत. मग त्या म्हणाल्या, "काय पुटपुटतोस, नीट बोल ना," आणि मान हलली.

वीस सेकंद. काकांनी मला बोटांनी दाखवलं. वीस.

दोनशे चाळीस भागिले वीस. बारा वेळा. एकाच कागदावर बारा वेळा डबा उघडायचा, दर वेळी वीस सेकंद. उजेड साठत जातो, कागदाला सलग आणि तुटक यात फारसा फरक कळत नाही. फक्त बाराही वेळा चेहरा त्याच जागी हवा. त्यासाठी काकांनी कठड्यावरून एक दोरा सोडला आणि त्याच्या टोकाला शर्टचं बटण बांधलं. दर वेळी आत्यांनी नाकाचं टोक बटणाला लावायचं, काकांनी दोरा अलगद बाजूला घ्यायचा, पट्टी उचलायची, मोजायचं, पट्टी लावायची. मग आत्यांनी हवं तेवढं हलावं, खोकावं, भावाला बोलावं.

ऊन गॅलरीत साडेआठला येई आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी टाकीच्या सावलीत जाई. त्या चाळीस मिनिटांत हे सारं बसवायचं. दोन दिवस नुसती तालीम झाली, कागदाशिवाय. आत्या तालमीला कुरकुरत आणि वेळेआधी येऊन बसत. नाकाला बटण लावून बसलेल्या आत्या आणि डब्यामागे ओणवे काका. कामाला जाताना मी तिथे थांबत असे. उशीर होई.

मी काकांना विचारलं की हा फोटो नेमका कुठल्या क्षणाचा म्हणायचा. बारा तुकडे आहेत, मध्ये मध्ये आत्या हसल्या, रागावल्या, तहान लागली म्हणाल्या. ते म्हणाले, "क्षणाचा कशाला हवा? ती ऐकताना कशी दिसते, त्याचा आहे." मग म्हणाले की इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी तिचा हा चेहरा बघितला नव्हता. ती ऐकत असताना बोलणारे नेहमी ते स्वतःच असत.

गुरुवारी सकाळी कागद भरला. दोन पिवळे लावले. आत्या निळी साडी नेसून आल्या. काकांनी ती बदलायला लावली. निळं पिवळ्यातून काळं येईल, म्हणाले. आत्या करड्या साडीत परत आल्या आणि म्हणाल्या की आता तरी गळ्यातलं काढायला सांगू नकोस.

पहिलं उघडणं आठ बेचाळीसला. सगळं नीट चाललं. बटण, दोरा, पट्टी, पुटपुटणं. पाचव्यानंतर आत्यांना शिंक आली, पट्टी लावलेली होती. सहावं. सातवं. सातव्याची पट्टी लावून काकांनी वर पाहिलं. टाकीच्या मागून ढग आला होता. पांढरा, मोठा, कशाचीही घाई नसलेला. आम्ही वाट पाहिली. नऊ दहा झाले. ऊन गेलं.

ढगातल्या उजेडाने उरलेले पाच भरता आले असते, वेळ वाढवून. मी तसं सुचवलं. काका म्हणाले, नको, चेहऱ्यावरची सावली बदलेल, दोन आत्या येतील. भोकावर त्यांनी दुसरी पट्टी चिकटवली, डब्याला सुतळी बांधली, वर कागद लावला. खुर्चीच्या पायांभोवती खडूने गोल काढले. आत्यांचं निघणं रविवारी होतं. दोन सकाळी हातात होत्या.

शुक्रवारी सकाळी काका उठले नाहीत. झोपेतच, डॉक्टर म्हणाले. साडेआठला गॅलरीत स्वच्छ ऊन होतं.

ते मला अजून नीट लिहिता येत नाही. लिहीतही नाही.

आत्यांचं जाणं दोन आठवडे पुढे गेलं. भाचा येऊन राहिला. तो चांगला आहे, कमी बोलतो. घरातल्या वस्तू बांधून झाल्यावर आत्यांनी मला खाली बोलावलं. टेबलावर डबा होता.

मी त्यांना सांगितलं की हा असाच धुता येईल. सात वेळा उघडलाय, एकशे चाळीस सेकंद. चेहरा येईल, पण फिकट, सावल्यांमध्ये काही नसेल. किंवा उद्या सकाळी ऊन आलं की उरलेले पाच मी करते. बटण आहे, दोरा आहे, खडूचे गोल अजून पुसलेले नाहीत. मोजते मी.

"मोज बघू," आत्या म्हणाल्या.

मी डब्यामागे गेले आणि जितकं हळू जमेल तितकं मोजलं. एकशे एक. एकशे दोन. आत्यांनी कान दिला. मान हलत राहिली. मी आणखी हळू केलं. एकशे नऊपर्यंत गेले.

"तुझं सगळं ऐकू येतंय ग," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. डबा माझ्याकडे आहे. धुवू नकोस आणि उघडूही नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं. नेऊन काय करू, हेही म्हणाल्या. त्यावरच्या कागदावर काकांचं अक्षर आहे. ताई. गॅलरी, सकाळचं ऊन. दोन पिवळे. वीस सेकंद. सात झाले, पाच बाकी.